पस्तिशीपुढचे स्प्रिंटर आणि सरावाची वही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पस्तिशी ओलांडल्यावर पुन्हा १००, २०० किंवा ४०० मीटरकडे वळलेली माणसं पुण्यात कमी नाहीत. सकाळी सणस मैदानावर, बालेवाडीला, टेकड्यांच्या चढांवर ती दिसतात. मॅरेथॉनच्या तयारीबद्दल इथे भरपूर बोललं जातं. स्प्रिंट आणि वजनांच्या सरावाची नोंद कशी ठेवायची, हे मात्र प्रत्येक जण नव्याने विचारतो. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न काढून वाचा. दुसऱ्या उत्तराची गरज पडेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मास्टर्स म्हणजे नेमकं कोण? मी ३८ वर्षांची आहे, मी त्यात बसते का?

बसता. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स वयाच्या ३५ व्या वर्षी सुरू होतं आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात: ३५ ते ३९, ४० ते ४४, असे वरपर्यंत. स्त्रिया आणि पुरुषांचे गट वेगळे. आणखी एक सवलत नवख्यांना माहीत नसते. मास्टर्समध्ये स्टार्टिंग ब्लॉक (सुटताना पाय रोवायचे ठोकळे) वापरणं किंवा खाली बसून स्टार्ट घेणं बंधनकारक नाही, उभ्याने सुटलेलं चालतं. म्हणूनच वहीत स्टार्टचा प्रकार लिहावा लागतो. वयोगट बदलण्याच्या वर्षाबद्दल प्रश्न १८ पहा.

२. मी हौशी धावपटू आहे. इतकी नोंद ठेवून करायचं काय?

दोन निर्णय घ्यायचे. आज जोर लावायचा की हलकं करायचं, आणि सराव कधी वाढवायचा. विशीत हे निर्णय चुकले तरी शरीर सांभाळून घेतं. पंचेचाळिशीत चुकीची किंमत तीन-चार आठवड्यांची असते.

दुसरं असं की वयाने येणारा फरक फार हळू येतो. स्प्रिंटरचं पाऊल वर्षागणिक आखूड होत जातं आणि पाय जमिनीवर थोडा जास्त वेळ रेंगाळतो. पावलांची गती त्या मानाने कमी घटते. वेगवान स्नायुतंतू बारीक होतात, म्हणून वजनांचा सराव आपल्यासाठी ऐच्छिक राहत नाही. तो लागू पडतोय की नाही हे एका सकाळी कळत नाही. आठ-दहा महिन्यांची पानं शेजारी ठेवली की दिसतं.

३. वही, एक्सेल की मोबाइलवरचं अ‍ॅप?

जे तुम्ही ट्रॅकवरून निघण्याआधी भराल ते. माझं मत वहीच्या बाजूने आहे, कारण तयार अ‍ॅपमध्ये स्प्रिंटमधली विश्रांती आणि दुखण्याची नोंद यांना बहुधा जागाच नसते. महिन्याच्या शेवटी मोजके आकडे एक्सेलमध्ये चढवले की पुरे.

४. एका दिवसाच्या नोंदीत कमीत कमी काय हवं?

भरलेलं पान कसं दिसतं ते पाहा:

*मंगळवार, सकाळी ६:१५. ट्रॅक कोरडा, थंडी, वारा समोरून. झोप साडेपाच तास. उजवी पोटरी किंचित जड. वॉर्म-अप २५ मि. ३० मी. × ४, उभ्याने स्टार्ट, स्पाइक्स, मध्ये ४ मि. विश्रांती: ४.९, ४.८, ४.८, ५.०. चौथ्याला पाऊल मागे पडल्यासारखं वाटलं, थांबलो. जोर १० पैकी ७.*

एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. (स्पाइक्स म्हणजे तळाला खिळे असलेले धावण्याचे बूट.) शेवटचा 'जोर' म्हणजे संपूर्ण सराव किती जड गेला, हे ० ते १० मध्ये. तो सराव संपल्यावर अर्ध्या तासाने लिहा. शेवटच्या धावेनंतर लगेच विचारलं तर आकडा फुगतो. हा आकडा सरावाच्या एकूण मिनिटांनी गुणला की त्या दिवसाचा भार मिळतो. तासभराचा सराव आणि जोर ७ असेल तर ४२०. आठवड्याची बेरीज एकदम वर गेली की पुढचा आठवडा जपून.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द या पानावर 'थांबलो' हा आहे. का थांबलात हे लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

५. दोन धावांमधली विश्रांतीसुद्धा लिहायची का? मी तर श्वास बसला की पळतो.

लिहायची. वहीतला एकच रकाना ठेवा असं कुणी म्हटलं तर मी हा ठेवेन.

समजा ६० मीटरच्या चार धावा आहेत. मध्ये दोन-दोन मिनिटं थांबलात आणि वेळा ८.९, ९.२, ९.५, ९.८ अशा आल्या. दुसऱ्या आठवड्यात सहा-सहा मिनिटं थांबलात आणि वेळा ८.९, ८.९, ८.८, ९.० आल्या. दोन्ही दिवशी वहीत '६० × ४' असंच दिसेल, अंतरही २४० मीटरच. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दमलेल्या पायांनी तग धरण्याचा सराव झाला आणि दुसऱ्या दिवशी वेगाचा. विश्रांती लिहिली नसेल तर महिन्याभराने तुम्ही म्हणाल की पहिल्या आठवड्यात फॉर्म गेला होता.

श्वास बसणं ही खूण फसवी आहे. पूर्ण ताकदीच्या धावेत स्नायू साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट वापरतात. ते बऱ्याच अंशी भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात, श्वास मात्र त्याच्या आधीच शांत झालेला असतो. प्रशिक्षकांमध्ये रूढ असलेला ठोकताळा म्हणजे पूर्ण वेगाच्या दर १० मीटरला एक मिनिट: ३० मीटरला तीन, ६० मीटरला सहा. पन्नाशीपुढे यात आणखी मिनिटभर घालायला हरकत नाही. या वेळात बसून राहू नका, थंडीत तर मुळीच नाही. हळू चालत राहा.

हाच नियम दिवसांनाही लागू. दोन कडक स्प्रिंट सरावांमध्ये किती तास गेले ते पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. आपल्या वयात ४८ तास कमीत कमी, आणि बऱ्याच जणांना ७२ मानवतात. तुमचा आकडा कोणता हे दोन-तीन महिन्यांची वहीच सांगेल.

६. सरावात माझी १०० मीटरची वेळ १३.३ येते, स्पर्धेत १३.६. मी स्पर्धेत दडपणाखाली येतो का?

बहुतेक नाही. सरावात वेळ हाताने घेतलेली असते, स्पर्धेत यंत्राने. हाताने घड्याळ लावणारा सुरुवातीच्या इशाऱ्याला किंचित उशिरा दाबतो आणि शेवटची रेषा दिसत असल्याने तिथे वेळेवर दाबतो, त्यामुळे वेळ कमी भरते. १०० आणि २०० मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरतात, ४०० साठी ०.१४. म्हणजे हाताचे १३.३ हे यंत्राच्या साधारण १३.५४ इतके. उरलेला फरक वाऱ्याचा असू शकतो.

हाताची वेळ नियमाप्रमाणे पुढच्या दशांशावर नेतात: घड्याळात १३.२१ दिसलं तरी लिहायचे १३.३. प्रत्येक वेळेपुढे 'हा' किंवा 'यं' लिहा आणि दोन्हींची सरासरी कधीही एकत्र काढू नका. वाऱ्याचा वेग मोजायचं साधन नसेल तर 'मागून', 'समोरून', 'शांत' एवढं पुरतं. १०० आणि २०० मध्ये मागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर ती वेळ विक्रमासाठी धरत नाहीत. तुमच्या सर्वोत्तम वेळांच्या यादीतही तिच्यापुढे खूण असू द्या.

७. मी एकटीच सराव करते. वेळ घेणार कोण?

मोबाइल. हातात घड्याळ धरून स्वतःची वेळ घेण्यापेक्षा व्हिडिओ कितीतरी भरवशाचा. आखूड अंतरात चूक मोठी होते हे लक्षात घ्या: धावत येऊन पार केलेल्या ३० मीटरला ४.० सेकंद लागत असतील, तर ०.१ ची चूक म्हणजे अडीच टक्के. तेवढी सुधारणा व्हायला काही जणांना अख्खा हंगाम लागतो.

सेकंदाला २४० चित्रं घेणारी स्लो-मोशन बऱ्याच फोनांत असते. सुरुवातीची रेषा छातीने ओलांडली ते चित्र आणि शेवटची ओलांडली ते चित्र, यांच्यातली चित्रं मोजा. ९६० भरली तर ४.०० सेकंद.

खरी गडबड कॅमेऱ्याच्या कोनात होते. फोन ३० मीटरच्या मध्यावर, लेनपासून २० मीटर लांब उभा केलात आणि खुणेच्या काठ्या लेनच्या २ मीटर अलीकडे एकमेकींपासून ३० मीटरवर रोवल्या, तर कॅमेऱ्याला त्या काठ्यांमधून लेनवरचे ३३ मीटर दिसतात. वेळ उगाच जास्त येते. उपाय सोपा आहे: काठ्या मध्याकडे दीड-दीड मीटर सरकवा, म्हणजे त्यांच्यात २७ मीटर राहतील. तपासायला लेनमधल्या खऱ्या रेषेवर पाण्याची बाटली ठेवा आणि फोनच्या पडद्यात काठी तिच्यावर येते का ते बघा. ही मांडणी एकदा वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवा आणि दर वेळी तशीच करा.

८. जीपीएस घड्याळाने दाखवलेला टॉप स्पीड लिहू का?

नको. ही घड्याळं साधारणपणे सेकंदाला एकदा जागा टिपतात. तेवढ्यात तुम्ही सात-आठ मीटर पुढे गेलेले असता, शिवाय प्रत्येक जागेत काही मीटरची चूक असतेच. मोठ्या अंतराला ती विरघळून जाते, ३० मीटरला नाही. त्या घड्याळातून झोप आणि सरावाची एकूण मिनिटं घ्या.

९. पहिल्या लेनमध्ये चालणारी मंडळी असतात, म्हणून मी बाहेरून पळतो. अंतर किती धरू?

सरळ पट्टीवर काहीच फरक नाही; १०० पर्यंतचे सराव खुशाल आठव्या लेनमध्ये करा. वळण आलं की हिशेब बदलतो. १.२२ मीटर रुंदीच्या लेन असलेल्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर दुसऱ्या लेनची पूर्ण फेरी सुमारे ४०७ मीटर भरते आणि आठव्या लेनची सुमारे ४५३. त्यामुळे २०० किंवा ४०० पळताना त्या त्या लेनची स्टॅगरची खूण (बाहेरच्या लेनचं जादा अंतर भरून काढायला पुढे सरकवलेली सुरुवातीची रेषा) शोधून तिथूनच सुटा, आणि लेनचा क्रमांक लिहा. अंतर तेच असलं तरी आतल्या लेनचं वळण जास्त तीव्र असतं आणि पोटरी-घोट्याला ते जाणवतं. नेहमी एकाच दिशेने पळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१०. टेकडीवरच्या स्प्रिंटची नोंद कशी करायची? तिथे मीटर कोण मोजणार?

मीटर नकोतच. तळजाई असो की वेताळ टेकडी, एक ठरावीक चढ निवडा, खालची आणि वरची खूण पक्की करा (एखादं झाड, बाक, दगड) आणि वेळ लिहा. तुलना फक्त त्याच चढाशी. चढावर पाऊल आपोआप आखूड पडतं आणि पूर्ण वेग गाठला जात नाही, म्हणून हॅमस्ट्रिंगला (मांडीच्या मागच्या स्नायूंना) ते सपाट ट्रॅकपेक्षा सौम्य असतं. हंगामाच्या सुरुवातीला मी नवख्यांना आधी चढच सांगतो. चालत खाली येण्याचा वेळ हीच विश्रांती, तीही लिहा. मुरूम ओला की सुटा हेही.

११. जिमचं काय लिहायचं? वजन लिहिलं की झालं ना?

वजन, रेप्स (सलग किती वेळा उचललं), सेट (अशा किती फेऱ्या), आणि शेवटच्या सेटनंतर अजून किती रेप्स निघाल्या असत्या. हा चौथा आकडा फार बोलतो. मागच्या महिन्यात ६० किलोच्या पाच स्क्वॉट्सनंतर एक रेप शिल्लक होती आणि आज तीन आहेत, तर वजन न वाढवताही ताकद वाढली आहे.

वजन लिहिताना बार धरून लिहा. ऑलिंपिक बार २० किलोचा असतो, पण गल्लीतल्या जिममध्ये त्याहून हलके बार सर्रास असतात, आणि काही प्लेट्सवर पाउंड असतात (१ पाउंड म्हणजे ०.४५ किलो). जिम बदललीत की बार एकदा वजनकाट्यावर ठेवाच. स्मिथ मशीनचे (ज्यात बार ठरावीक रुळांवरच वर-खाली सरकतो) आकडे मोकळ्या बारच्या आकड्यांत मिसळू नका.

एका रेपला जास्तीत जास्त किती उचलता येईल हे प्रत्यक्ष करून पाहायची आपल्याला गरज नाही. वजन × (१ + रेप्स ÷ ३०) हे सूत्र वापरा: ६० किलो, ५ रेप्स, म्हणजे अंदाजे ७०. दहाच्या वर रेप्स गेल्या की अंदाज सैल होतो.

१२. मी जिमला जात नाही. घरी दंड-बैठका आणि सूर्यनमस्कार घालतो. ते चालेल?

चालेल, आणि तेही ताकदीच्याच पानावर लिहा. तालमीत शंभर-दोनशे बैठका ही मोठी गोष्ट नसते, पण स्प्रिंटसाठी नुसती संख्या वाढवत नेण्यात फायदा कमी. म्हणून बैठक किती खाली, किती वेगात आणि पाठीवर काय होतं ते लिहा: 'बैठका १२ × ३, पिशवीत १० किलो, सावकाश खाली, झटक्यात वर.' एका पायावरच्या बैठका आणि पोटरीचे उठाव डाव्या-उजव्याचे वेगळे लिहा. दोन बाजूंत फरक पडत चालला तर इथेच आधी दिसतो.

१३. धावणं आणि जिम एकाच दिवशी करावं का?

मी एकाच दिवशी ठेवायला सांगतो, आधी ट्रॅक मग वजनं, म्हणजे मधले दिवस खरोखर मोकळे राहतात. ज्यांना सकाळी वेळ नाही त्यांनी संध्याकाळी जिम करावी. वहीत क्रम आणि मधले तास मात्र हवेत. स्क्वॉट्सनंतर पळालेले ३० मीटर आणि ताज्या पायांनी पळालेले ३० मीटर एका यादीत येऊ शकत नाहीत.

१४. हॅमस्ट्रिंग सारखी ओढली जाते. वहीचा इथे काय उपयोग?

इथेच सर्वात जास्त. स्प्रिंटरची ही नेहमीची दुखापत आहे आणि एकदा झाली की पुन्हा होण्याची शक्यता वाढते.

दुखलं की त्याच दिवशी इतकं लिहा: नेमकं कुठे (बसताना टेकतं त्या हाडाजवळ की मांडीच्या मध्यावर), कितव्या धावेत, सुटताना की पूर्ण वेगात की थांबताना, ० ते १० मध्ये किती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली पावलं आणि जिना उतरणं कसं होतं तेही. मग मागची ७२ तासांची पानं उघडा आणि नेहमीपेक्षा वेगळं काय होतं ते शोधा. नवे स्पाइक्स, बऱ्याच दिवसांनी पूर्ण वेग, कापलेली विश्रांती, कमी झोप, मुंबईहून एका बैठकीत गाडी चालवत येणं. एकदा सापडलेलं कारण योगायोग असेल. तेच कारण दुसऱ्या दुखापतीआधीही दिसलं तर ते तुमचं खरं कारण समजा.

परतताना कॅलेंडर पाहू नका, वेग पाहा. तुमचे धावत येऊन पार केलेले सर्वोत्तम ३० मीटर ४.०० चे असतील, तर ८० टक्के वेग म्हणजे ५.०० सेकंद, ९० टक्के म्हणजे ४.४४. आधी ५.०० च्या धावा, दुसऱ्या सकाळी काही न दुखता दोन-तीन सराव झाले की पुढची पायरी. 'जरा हळू पळालो' ही नोंद इथे उपयोगाची नाही. हळू म्हणजे किती, ते वेळेने लिहा.

चटकन काही तुटल्यासारखं झालं, काळं-निळं पडलं किंवा लंगडावं लागलं, तर वही घेऊन डॉक्टर किंवा फिजिओकडे जा. नेमकी नोंद त्यांच्याही कामी येते.

१५. पावसाळ्यात नोंदीत खंड पडतो. मग वारी, मग गणपती. काय करू?

खंड हीसुद्धा नोंदच आहे. तारीख घालून 'ट्रॅक ओला, गेलो नाही' लिहा. चार महिन्यांच्या पावसात ओल्या ट्रॅकवर पूर्ण वेग टाळून ताकदीवर भर दिलात तर काही बिघडत नाही. नंतर परतताना प्रश्न १४ मधल्या पायऱ्या दुखापत नसतानाही वापरा.

वारी आणि गणपतीचं वेगळं सांगायला हवं, कारण लोक ते सरावात धरत नाहीत. पालखीबरोबर पुण्याहून दिवेघाट चढून सासवडपर्यंत चाललात तर तो पायांवरचा मोठा भार आहे. ढोल कमरेला बांधून पथकाच्या सरावात दोन तास उभं राहणं हाही भारच, कंबर आणि पोटऱ्यांवर विशेष. प्रश्न ४ प्रमाणे मिनिटं आणि जोर लिहा आणि आठवड्याच्या बेरजेत घ्या. मिरवणुकीच्या जागरणानंतर दोन दिवस तरी स्प्रिंट नको.

१६. उपवासाच्या दिवशी आणि पाळीच्या दिवसांत वेळा घसरतात. लिहायचं का?

नक्की लिहा. 'एकादशी', 'रोजा', 'नवरात्र' एवढा शब्द पुरे. काहींवर कडक उपवासाचाही परिणाम दिसत नाही, काहींवर साबुदाण्यानंतरही दिसतो. चार-पाच नोंदींनंतर तुमचं तुम्हाला कळेल. पाळीचा दिवस कोपऱ्यात आकड्याने लिहिता येतो. रजोनिवृत्तीच्या काळात रात्री घाम येऊन झोप मोडते, त्या स्त्रियांनी झोपेचे तास आणि 'किती वेळा जाग आली' हे दोन्ही ठेवावं. बऱ्याचदा घसरणीचं उत्तर पायांत नाही तर तिथे सापडतं.

१७. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि मधे चिकुनगुन्या झाला. जुन्या आकड्यांशी तुलना करू का?

गोळी सुरू झाली, बदलली किंवा डोस बदलला, ती तारीख पानभर आडवी रेघ मारून लिहा. रक्तदाबावरच्या काही गोळ्या (बीटा ब्लॉकर) नाडी वाढू देत नाहीत, तेव्हा नाडीचे आकडे मागच्याशी जुळणार नाहीत. जोराच्या आकड्यावर विसंबा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. सरावाचं दुखणं आणि हे यांतला फरक ओळखायला तारखा लागतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, वही डॉक्टरांना दाखवायची.

चिकुनगुन्यानंतर सांधे कित्येक आठवडे धरतात, डेंगीनंतर थकवा रेंगाळतो. या काळातल्या वेळा लिहा, पण सर्वोत्तम किंवा सरासरीच्या हिशेबात घेऊ नका. आणि छातीत दाब, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काही झालं तर सराव तिथेच सोडून थेट डॉक्टरांकडे.

१८. यंदा ऑगस्टमध्ये मला ५० पूर्ण होतात. वर्षाच्या मध्ये वयोगट बदलला तर सर्वोत्तम वेळा कोणत्या धरायच्या?

मैदानी स्पर्धेत वयोगट स्पर्धेच्या पहिल्या दिवसाच्या वयावरून ठरतो. जुलैत तुम्ही ४५ ते ४९ मध्ये पळाल आणि सप्टेंबरमध्ये ५० ते ५४ मध्ये. वाढदिवस स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी असेल तर ती सगळी स्पर्धा जुन्याच गटात.

वहीत दोन याद्या ठेवा: आयुष्यातली सर्वोत्तम आणि या गटातली सर्वोत्तम. दुसरी यादी वाढदिवसाला कोरी सुरू होते. दोन गटांतल्या वेळांची तुलना करायची असेल तर वय-गुणांक वापरा: मास्टर्सच्या वय-गुणांक तक्त्यात तुमच्या वयासाठी दिलेली प्रमाण वेळ भागिले तुमची वेळ, गुणिले १००. समजा प्रमाण वेळ १२.०० आणि तुमची १५.०० आहे, तर ८० टक्के. हे तक्ते अधूनमधून सुधारले जातात, म्हणून कोणत्या वर्षीचा तक्ता वापरलात ते टक्केवारीशेजारी लिहा. टक्केवारी यंत्राने घेतलेल्या वेळेवरच काढा; हाताची असेल तर आधी प्रश्न ६ मधला फरक मिळवून घ्या.